शिरोलीच्या भंगारातला भूसुरुंग : एका फौंड्रीतील प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यात, काही वर्षांपूर्वी घडलेल्या प्रसंगाची ही नोंद आहे. मी तेव्हा तिथे सुरक्षा अधिकारी होतो. कारखान्याचे, भंगार पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे आणि संबंधित माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि आमचे निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत.

कोल्हापूरच्या फौंड्र्यांना कच्चा माल म्हणून भंगार लागते. बरेचसे भंगार आसपासच्याच मशीनशॉपमधून येते, परंतु दर परवडतो तेव्हा व्यापारी परदेशातून कंटेनरने आलेला मालही देतात. अशा मालात लष्करी वस्तू येऊ शकतात, ही गोष्ट या धंद्यात नवी नाही. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथील पोलाद कारखान्यात आयात भंगारातील तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगार मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर तुकडे न केलेल्या आयात भंगारासाठी जहाजात माल चढण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. आमच्या मालाबरोबरही तो दाखला होता आणि त्यावर शिक्का व सही होती.

फौंड्रीतील माणसाला लष्करी वस्तू ओळखता येत नसल्या, तरी बंद पोकळ वस्तू ओळखता येते, कारण ती भट्टीत गेली तर काय होते हे त्याने पाहिलेले किंवा ऐकलेले असते. जुना शॉकॲब्सॉर्बर, गॅसची टाकी, दोन्ही तोंडे चेपलेला पाइप यांपैकी काहीही वितळलेल्या लोखंडात पडले की आतली हवा आणि ओल क्षणात फुगते व रस उसळून अंगावर येतो. म्हणून चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, भरणाऱ्या कामगारांना बंद वस्तू बाजूला काढण्याची सवय लावलेली असते. त्या दिवशी आम्ही वाचलो ते त्या सवयीमुळे.

घटना

सकाळी पावणेनऊच्या सुमारास चार्जिंगच्या कामगाराने ढिगाच्या कडेला एक गोल, जाड, ताटासारखी वस्तू पाहिली. ती गंजलेली होती, मध्ये उंचवटा होता, त्याच्या केंद्रात भोक होते आणि कडेला उचलण्यासाठी तारेची मूठ होती. एखाद्या यंत्राचे झाकण असावे असे त्याला आधी वाटले. पायाने ढकलून पाहिल्यावर ती वजनाला भरीव लागली आणि तो थांबला. त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादमाने जवळ जाऊन मोबाइलवर दोन फोटो काढले आणि मला पाठवले. मी पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ढिगाभोवती सात-आठ जण उभे होते आणि एकाने मला दिलासाही दिला : “काय हुत न्हाय ओ साहेब, पार गंजलंय ते.”

हे वाक्य मी पुढे अनेकदा प्रशिक्षणात वापरले, कारण त्यात जवळजवळ प्रत्येकाचा समज आहे. गंजतो तो पत्रा. जुन्या भूसुरुंगांत बहुधा भरलेले असते ते टीएनटी, आणि ते रासायनिकदृष्ट्या इतके स्थिर असते की दशकानुदशके मातीत राहूनही त्याची स्फोटक्षमता टिकते. फ्यूज (सुरुंगाला चालना देणारा भाग) आणि डिटोनेटर (मुख्य स्फोटकाला उडवणारा छोटा स्फोटक भाग) यांच्या बाबतीत तर काळ उलट दिशेने काम करू शकतो. डिटोनेटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या लेड ॲझाइडचा ओलसर स्थितीत तांब्याशी किंवा पितळेशी संबंध आला, तर मूळ द्रव्याहूनही नाजूक असे कॉपर ॲझाइड तयार होते. म्हणजे जुनी वस्तू नव्या वस्तूपेक्षा कमी धक्क्याने उडण्याची शक्यता असते.

ओळखीचा प्रश्न

मी माणसांना मागे घेतले आणि गोदामाच्या भिंतीआड गेलो. तिथे मी अशी गोष्ट केली जिचे समर्थन आज करणार नाही. मी ती वस्तू कोणती आहे हे ठरवू लागलो.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींविषयी माझे बरेच वाचन होते. त्यामुळे फोटो पाहताच माझ्या मनात जर्मन ‘टेलर’ भूसुरुंग आला. जर्मन भाषेत टेलर म्हणजे ताट. रणगाडे अडवण्यासाठी पुरल्या जाणाऱ्या या सुरुंगाच्या १९४२ च्या नमुन्याचा व्यास सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर असतो आणि त्यात साडेपाच किलोच्या आसपास स्फोटक असते. फोटोत मागे एक रिफ्रॅक्टरी वीट, म्हणजे भट्टीला लावायची उष्णतारोधक वीट, पडलेली दिसत होती. प्रमाणित विटेची लांबी २३० मिलिमीटर असते. मी फोटोवरच मापे घेतली, गुणोत्तर काढले, उत्तर साडेबत्तीस सेंटिमीटरच्या जवळ आले आणि मी समाधानाने ‘टेलर-४२’ असे लिहून टाकले.

मग मी करवीर तालुक्यातल्या एका गावी राहणाऱ्या निवृत्त सुभेदारसाहेबांना फोन केला. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, होते आणि भूसुरुंग शिकवण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. फोटो पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मापाचा नव्हता. “त्याच्याजवळ आत्ता कोण आहे?” असे त्यांनी विचारले. कुणी नाही, असे मी सांगितल्यावरच ते पुढे बोलले.

त्यांच्या मते ती वस्तू सोव्हिएत बनावटीची टीएम-४६ असण्याची शक्यता जास्त होती. हा सुरुंग टेलरच्याच वळणाचा असल्याने गफलत सहज होते. त्याचा व्यास सुमारे साडेतीस सेंटिमीटर, एकूण वजन साडेआठ किलोच्या आसपास आणि त्यात साधारण पावणेसहा किलो टीएनटी. इजिप्त आणि इस्रायल या दोन्ही देशांनी त्याच्या नकला बनवल्या, त्यामुळे पश्चिम आशियातून येणाऱ्या भंगारात तो सापडणे स्वाभाविक आहे. १९४४ च्या इटलीतला सुरुंग शिरोलीला कसा पोहोचेल, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आवडीच्या इतिहासातले नाव मी समोरच्या वस्तूला चिकटवले होते.

विटेच्या मापातली चूकही त्यांनीच दाखवली. वीट सुरुंगाच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर होती. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून तिच्या तुलनेत पुढची तबकडी मोठी भासते. साडेतीस आणि साडेबत्तीस यांतला फरक सहा-सात टक्क्यांचा आहे, आणि तिरक्या फोटोत एवढी चूक सहज होते. माप घ्यायचे तर पट्टी वस्तूच्याच अंतरावर हवी, आणि पट्टी ठेवायला जायचे नाही हे तर उघड आहे. म्हणजे आमच्याजवळच्या फोटोवरून मापाने निकाल लागणारच नव्हता.

यापुढचा मुद्दा या संपूर्ण प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. टीएम-४६ चा एक जुळा भाऊ आहे, टीएमएन-४६. वरून पाहिले तर दोघांत फरक नाही. टीएमएनच्या तळाला आणखी एका फ्यूजसाठी खाच असते. सुरुंग कुणी उचलला किंवा हलवला तर तो उडावा, यासाठी ती ठेवलेली असते. टेलर-४२ मध्येही अशा जादा खाचा आहेत, एक बाजूला आणि एक तळाला. याचा अर्थ असा की माझे नाव खरे ठरो की सुभेदारसाहेबांचे, जीवावर बेतणारा तपशील वस्तूच्या खालच्या बाजूस होता, आणि ती बाजू पाहण्याचा आमच्याजवळ असलेला एकमेव उपाय म्हणजे ती उलटी करणे. वरच्या बाजूचे भोक रिकामे दिसत होते, त्यावरून वरचा मुख्य फ्यूज नाही एवढेच कळत होते.

सुभेदारसाहेबांनी त्यांच्याच तुकडीतला दाखला दिला. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या प्रारंभी ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत चार दिवसांत, ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी करून घेतली आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच चार दिवसांत ते स्वतः बसलेली गाडी दोनदा सुरुंगावर उडाली होती. “जो शोधायला निघाला होता त्याचीही दोनदा चुकली. तुम्ही फोनवर बघून काय ठरवणार?” असे ते म्हणाले. नाव ठरवण्याच्या या चर्चेत आमची वीस मिनिटे गेली होती. ११२ क्रमांकाला फोन झाला तेव्हा साडेनऊ वाजले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पोलीस येईपर्यंत काय करायचे, यावर कार्यालयात मतभेद झाले. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की मॅग्नेट क्रेनने वस्तू उचलून आवाराच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे भट्टी आणि माणसे दोन्ही सुरक्षित राहतील. क्रेनचा चालक केबिनमध्ये असतो, तेव्हा त्यालाही धोका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तळाच्या खाचेविषयी नुकतेच ऐकलेले असल्यामुळे मी त्याला ठाम नकार दिला. शिवाय मॅग्नेट एकच वस्तू उचलत नाही. तो तिच्यासोबत आजूबाजूचे वीस तुकडे उचलतो आणि वीज सोडताच सगळे एकदम खाली पाडतो.

व्यापाऱ्याने फोनवर सुचवले की माल ट्रकमध्ये भरून परत पाठवा, तो बदलून देईल. त्याच्या दृष्टीने ही मालाची तक्रार होती. हा पर्याय आम्ही चर्चेलाही घेतला नाही, कारण शिरोलीतून निघणारा ट्रक थेट पुणे-बंगळूर महामार्गावर जातो. वाळूच्या पोत्यांनी वस्तू झाकावी असे एका जुन्या सहकाऱ्याने सुचवले. हेतू चांगला होता, पण पोती रचायला चार माणसे त्या वस्तूच्या हाताच्या अंतरावर किमान दहा मिनिटे राहिली असती. उरला तो पर्याय म्हणजे काहीही न हलवता सर्वांनी दूर जाणे.

तो वरकरणी सर्वांत सोपा वाटतो, पण फौंड्रीत सोपा नसतो. पाऊण टनाच्या इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे तांब्याच्या कॉइलमधून वीज सोडून तापवल्या जाणाऱ्या भट्टीत, त्या वेळी रस तयार होता. भट्टी तशीच सोडून जाता येत नाही. वीज बंद केली तर रस आतच गोठतो आणि भट्टीचे आतले उष्णतारोधक अस्तर फुटण्याची भीती राहते. वीज चालू ठेवून निघून गेलो तर लक्ष ठेवायला कुणी नाही. कॉइलला थंड ठेवणारे पाणी तर कोणत्याही स्थितीत थांबता कामा नये, कारण फुटलेल्या कॉइलचे पाणी आणि वितळलेले लोखंड एकत्र आले तर भूसुरुंगाची गरजच उरत नाही. भट्टी आणि भंगाराचा ढीग यांच्यामध्ये दोन भिंती आणि सुमारे सत्तर मीटर अंतर होते. मी तीन अनुभवी माणसांना विचारले, सक्ती केली नाही. त्यांनी होकार दिला. बारा मिनिटांत रस लॅडलमध्ये (ओतायच्या पात्रात) घेऊन राखीव साच्यांत ओतला गेला, वीज बंद झाली, पाण्याचा पंप जनरेटरच्या आधारासह चालू ठेवला आणि तिघे बाहेर आले.

हा निर्णय बरोबर होता का, याचे उत्तर मी आजही एका शब्दात देऊ शकत नाही. रस तसाच सोडला असता तर फार तर अस्तराचे नुकसान झाले असते, आणि अस्तर पैशाने पुन्हा होते. दुसरीकडे, अर्धवट गोठलेली भट्टी पुन्हा चालू करणे हेच वेगळे संकट असते, कारण वर घट्ट थर आणि खाली रस अशा अवस्थेत कोंडलेला वायू फुटून यापूर्वी अनेक ठिकाणी माणसे भाजली आहेत. तेव्हा मी एक धोका बारा मिनिटांसाठी स्वीकारून दुसरा टाळला, असे म्हणता येईल. पण तिघांची संमती घेताना मी त्यांना तळाच्या खाचेविषयी काही सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते.

कृती

बॉम्बशोधक व नाशक पथक सव्वादहाला पोहोचले. आम्ही कामगारांना शंभर मीटरवर, कपडे बदलण्याच्या खोलीशेजारच्या मोकळ्या जागेत उभे केले होते. पथकप्रमुखांनी ती जागा तत्काळ बदलायला लावली. पाच-सहा किलो स्फोटक आणि भोवती सुट्या लोखंडाचा ढीग अशा ठिकाणी शंभर मीटर हे सुरक्षित अंतर नव्हेच, कारण ढिगातला प्रत्येक तुकडा गोळीसारखा उडतो. शेजारचे दोन कारखानेही रिकामे करण्यात आले.

त्यानंतर त्यांनी सर्वांसमोर एक प्रश्न विचारला : या मालातले कुणी काही उचलून घेतले आहे का?

कुणीच बोलले नाही. प्रश्न साधा होता, पण फौंड्रीत त्याचा अर्थ वेगळा होतो. भंगारातले पितळ, तांबे किंवा एखादे कामाचे बेअरिंग गुपचूप बाजूला काढणे हा नोकरी जाण्याजोगा गुन्हा असतो, आणि आमच्या कारखान्यात त्यापूर्वी दोघांवर तशी कारवाई झालेली होती. शेवटी मुकादम पुढे झाले. ते वयाने मोठे होते आणि अर्धे कामगार त्यांच्याच ओळखीने लागलेले होते. व्यवस्थापकांना बाजूला घेऊन त्यांनी कारवाई होणार नाही असा शब्द मिळवला आणि मग माणसांत जाऊन ते म्हणाले, “पोरांनो, चोरीचा इचार कुणी करंना झालाय. कुणी काय घेतलं आसंल तर आत्ता सांगा. घरात ल्हान पोरं हाईत आपल्या.”

मेंटेनन्सचा एक तरुण हेल्पर पुढे आला. आदल्या संध्याकाळी माल उतरवताना त्याला पेनाएवढी एक धातूची नळी सापडली होती. एका टोकाला आटे होते, आत स्प्रिंग असावी असे वाटत होते. ग्रीसगनचा भाग समजून त्याने ती ठेवून घेतली होती. ती त्याच्या कपाटात होती, आणि ते कपाट त्याच खोलीत होते जिच्या भिंतीला टेकून आमचे साठ कामगार पाऊण तास उभे होते.

पथकाने ती नळी वेगळी ताब्यात घेतली. ती एमयूव्ही या सोव्हिएत फ्यूजच्या कुळातील निघाली. तार ओढली गेली की काम करणारा हा फ्यूज लाकडी पेटीच्या आणि खुंट्यावर बसवण्याच्या माणूसमारक सुरुंगांत, तसेच सापळ्यांत फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. तो दिसायला इतका निरुपद्रवी असतो की पाहणारा त्याला पेन, व्हॉल्व्ह किंवा सायकलच्या पंपाचा भाग समजतो. ताटाएवढ्या सुरुंगाला सगळे घाबरले होते. ही नळी मात्र एका माणसाच्या खिशातून रात्री घरीही गेली असती. ती जड असल्यामुळे त्याने कपाटात ठेवली, एवढाच योगायोग.

निष्पत्ती

मोठ्या वस्तूची पथकाने जागेवरच क्ष-किरण तपासणी केली आणि पुढे लष्कराच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात आली. आम्हाला नंतर तोंडी जे सांगण्यात आले ते असे : वस्तू टीएमएन-४६ होती, म्हणजे तळाला खाच असलेली. दोन्ही खाचांत फ्यूज नव्हता. आतले स्फोटक मात्र बरेचसे शाबूत होते. ते तसेच भट्टीत गेले असते तर काय झाले असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नळीला डिटोनेटर जोडलेला नव्हता, परंतु तिच्यातली आघाताने पेटणारी टोपी (कॅप) न उडालेली होती. हातात उडाली असती तर बोटे किंवा डोळा गेला असता. दोन्ही वस्तू सुरक्षित ठिकाणी नेऊन नष्ट करण्यात आल्या.

उरलेला माल तपासण्यात दोन दिवस गेले. लोखंडाच्या ढिगात धातुशोधक यंत्राचा काहीच उपयोग नसतो, त्यामुळे माल पातळ थरात पसरून डोळ्यांनीच पाहावा लागला. काही रिकामी काडतुसे मिळाली, बाकी काही नाही. हेल्परवर कारवाई झाली नाही. व्यवस्थापकांनी शब्द पाळला, याची नोंद इथे करणे मला आवश्यक वाटते, कारण तो मोडला असता तर पुढच्या वेळी कुणीही तोंड उघडले नसते.

काय वेगळे करता आले असते

नाव ठरवण्याची वीस मिनिटे वाया गेली, हे मी वर लिहिलेच आहे. जुन्या भूसुरुंगांची ओळख हा अभ्यासाचा विषय आहे आणि मला तो अजूनही प्रिय आहे. व्यास, दाबपट्टीचा आकार, मुठीची जागा, आट्यांची घडण यांवरून देश आणि काळ सांगता येतो, आणि माल कुठून आला याचा माग काढायला ती माहिती उपयोगीही पडली. पण ‘ही वस्तू कोणती’ आणि ‘ही वस्तू आत्ता कोणत्या अवस्थेत आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर फोटोवरून मिळू शकते. दुसऱ्याचे मिळत नाही, आणि फोन कुणाला व किती लवकर करायचा हे दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून असते. संग्रहालयातला निळा रंग दिलेला अमेरिकी सराव-सुरुंगसुद्धा पूर्ण निर्जीव असेलच असे नाही, कारण काही सराव-सुरुंगांत धूर काढणारी छोटी दारू असते.

मुकादमांनी जवळ जाऊन फोटो काढले, त्याचा दोष मी त्यांना देत नाही. आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. आता भंगाराच्या आवाराच्या भिंतीत एक झरोका ठेवला आहे, आणि तिथून झूम करून जेवढे दिसेल तेवढेच पाहायचे असा नियम आहे. दुसरा फोटो घेण्यासाठी पुढे जायचे नाही.

‘कुणी काही उचलले आहे का’ हा प्रश्न पथक येण्याच्या पाऊण तास आधी आम्ही विचारायला हवा होता, आणि तो मुकादमांकडूनच विचारला जायला हवा होता. त्यासाठी माफीचा नियम आधीपासून लेखी असावा लागतो. आम्ही तो नंतर केला : मालातून उचललेली कोणतीही वस्तू सुपरवायझरला दाखवली, तर ती केव्हा आणि का उचलली हे विचारले जाणार नाही. हिशेब विभागाचा याला विरोध होता आणि काही किलो पितळ त्यामुळे जात असेलही.

एक गोष्ट मात्र सुटली ती सुटलीच. तो माल आम्ही एकट्यांनी घेतला नव्हता. त्याच कंटेनरमधला निम्मा माल व्यापाऱ्याने दुसऱ्या वसाहतीतील एका लहान फौंड्रीला दिला होता, आणि हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी बिले चाळताना कळले. मी लगेच फोन केला. तिथल्या मालकांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि सांगितले की तो माल आदल्या रात्रपाळीतच वितळवून झाला आहे.